डावीकडचा आरसा

आज रेसिपी नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज आपण एका जुन्या मोटारीविषयी बोलणार आहोत. मोटार आपली नाही, आपल्या कोणाच्या दारात ती येण्याची शक्यताही नाही. तरी पंधरा-वीस मिनिटं ऐका, कारण या गोष्टीची सुरुवात आपल्याच एका पाटीभर बोंबलांपासून झाली.

मढच्या बंगल्यांमध्ये बारा महिने शूटिंग चालतं, हे इथल्या कोणाला सांगायला नको. आमचा गट त्यातल्या काही युनिटना दुपारचं जेवण देतो. अशाच एका बंगल्यावर जुन्या काळातल्या कथेचं काम चाललं होतं आणि त्यासाठी गोल पाठीची, फुगीर गालांची फियाट आणली होती. आपल्या आजोबांच्या पिढीनं जिला लाडानं 'डुक्कर फियाट' म्हटलं, तीच. मालक सत्तरी उलटलेले, गाडी स्वतःच चालवत होते. गल्लीत गाडी मागे घेताना डाव्या बाजूनं आमच्या गटातली एक मावशी पाटी घेऊन चालली होती. गाडीचा मागचा कोपरा पाटीला लागला. मावशी बाजूला झाली म्हणून वाचली, बोंबील मात्र सगळे रस्त्यावर.

मालक धावत उतरले. माफी मागितली, नुकसान भरून दिलं, गृहस्थ चांगले होते. पण एक वाक्य बोलून गेले: "डावीकडं आरसाच नाही हो. त्या काळी नसायचाच. डावीकडं बघायचं काय असतं?"

मावशी पदरानं हात पुसत म्हणाली, "त्या बाजूला त आमी चालताव."

त्यावर सगळे हसले, मालकही हसले. मग चहा झाला, आणि चहावर कळलं की ते या गाडीला दोन्ही बाजूंना आरसे आणि पुढे फॉगलाइट बसवायच्या विचारात होतेच. कुठले घ्यावेत यावर त्यांचं आणि त्यांच्या मेकॅनिकचं महिनाभर एकमत होत नव्हतं. पुढे ते दोन-तीनदा आले. आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. 'त्या काळी नसायचाच' हे खरं का, आणि खरं असेल तर का नसायचा, हे आम्हाला शोधायचं होतं.

आता गंमत ऐका. मोटारीत मागचं बघायला आरसा ठेवा, हे छापून सांगणाऱ्या पहिल्या लोकांत एक बाई आहे. तिचं नाव डोरोथी लेव्हिट. इंग्लंडमधली, आधी ऑफिसात टायपिंग करणारी, मग मोटारींच्या शर्यतीत उतरलेली. 1906 साली तिनं ताशी 90 मैलांच्या वर गाडी नेऊन बायकांमधला वेगाचा विक्रम केला. 1909 मध्ये तिनं बायका आणि मोटार या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यात ती सांगते की सीटखालच्या खणात हातातला छोटा आरसा ठेवावा. चेहरा बघायला तर तो कामाचा आहेच, पण रहदारीत मधूनमधून उंच धरला की मागून काय येतंय तेही दिसतं. म्हणजे आपल्या पर्समध्ये असतो तोच आरसा. तेव्हा मोटारींना कारखान्यातून आरसे लागून येत नसत.

दोन वर्षांनी, 1911 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. बाकीच्या गाड्यांत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे आणि मागे कोण आलं ते ओरडून सांगे. रे हॅरून नावाच्या चालकाची गाडी एकाच माणसाची होती. इतरांनी तक्रार केली की याला मागचं दिसणार कसं? म्हणून त्यानं समोर आरसा लावला, आणि तो शर्यत जिंकला. इतिहासात त्या आरशाचं मोठं नाव झालं. पण नंतर हॅरूननं स्वतःच कबूल केलं की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात धड काही दिसलंच नाही! ही थरथर लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे. 1921 मध्ये एल्मर बर्गर या अमेरिकन माणसानं आरशाचं पेटंट घेऊन तो बाजारात आणला. विकताना काय सांगितलं? मागून येणारा पोलीस दिसेल. मागून येणारा माणूस दिसेल, असं नाही.

मुंबईत पहिल्या मोटारी 1898 मध्ये आल्या, त्यातली एक जमशेदजी टाटांची. 1905 मध्ये सुझान टाटा, म्हणजे जे. आर. डी. टाटांच्या आई, मोटार चालवू लागल्या. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. त्या मोटारी मोजक्या लोकांच्या होत्या. सामान्य मुंबईकराच्या डोळ्यासमोर मोटार खरी आली ती कुर्ल्यातून. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 1954 च्या सुमारास फियाट 1100 रस्त्यावर आली, तीच आपली डुक्कर फियाट. 1964 मध्ये चौकोनी अंगाची डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमिअर पद्मिनी झालं, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की तीच डोळ्यासमोर येऊ लागली. पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या आसपास थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये ताडदेवला नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवसांत टीव्हीवर टॅक्सीवाल्यांचे डोळे भरून आलेले आपण सगळ्यांनी पाहिले.

या गाड्यांत मागचं बघायला आत, काचेच्या वर, एक आरसा असे. बाहेर असलाच तर चालकाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे. आपल्याकडे ही सवय फार काळ टिकली. डुक्कर फियाट तर सोडा, 2000 नंतरही आपल्याकडच्या स्वस्त मॉडेलच्या गाड्या डावीकडच्या आरशाशिवाय विकल्या जात होत्या. पाहिजे तर वेगळे पैसे देऊन बसवून घ्या. उजवा आरसा का? तर ओव्हरटेक करताना मागून दुसरी मोटार येतेय का ते बघायला. डावीकडे कोण असतं? सायकलवाला, हातगाडी, शाळेत चाललेली पोरं, पाटीवाली. मोटारीला मोटारीची भीती, म्हणून आरसा त्या बाजूला. आमचा हा निष्कर्ष थोडा तिखट वाटेल, पण मावशीच्या बोलण्यानंतर आम्हाला दुसरं काही सुचत नाही.

हाताच्या इशाऱ्यांचंही तेच. जुन्या टॅक्सीवाल्यांचा हात खिडकीबाहेर असायचा, आठवतं? उजवीकडे वळायचं तर हात सरळ बाहेर काढायचा, डावीकडे वळायचं तर तोच उजवा हात गोल फिरवायचा. चालक उजवीकडे बसलेला, त्यामुळे हात उजव्याच बाजूला दिसणार. गाडी वळणार डावीकडे, आणि डावीकडून चालणाऱ्या बाईला इशारा दिसायची सोयच नाही. मॉरिस मायनरसारख्या काही गाड्यांत दाराजवळच्या खांबातून छोटा पिवळा हात बाहेर यायचा, तो दोन्ही बाजूंना असे. आणि या इशाऱ्याच्या यंत्रातही एक बाई आहे: मूकपटांतली नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स. तिनं 1914 च्या सुमारास गाडीच्या मागे इशारा देणारा हात तयार केला, ब्रेक दाबला की 'थांबा' अशी पाटीही वर येई. पेटंट घेतलं नाही, त्यामुळे पैसे दुसऱ्यांनी कमावले. हे वाचल्यावर आमच्या गटाच्या बैठकीत पाऊण तास दुसराच विषय चालला, तो इथे नको.

आता त्या फियाटसाठी आरसा निवडायचा कसा? पहिला प्रश्न कायद्याचा. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, ती 10 वर्षं चालते, पुढच्या वेळी 5,000. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठी आणता येते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आरसा म्हणजे काही मोठा फेरफार नव्हे. पण जुन्या गाड्यांची माणसं पत्र्याला एक भोक पाडायलाही धजत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. भोकात पाणी शिरतं. आपल्या खाऱ्या हवेत पत्रा कसा गंजतो हे मढमध्ये ज्यानं पंखा किंवा गॅसची शेगडी घेतली त्याला विचारा. म्हणून आरसा भोक न पाडता, चिमट्यानं आवळून बसणारा हवा. चिमट्याच्या आत रबराची पट्टी हवी, नाहीतर रंग जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

दुसरा प्रश्न जागेचा. डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात. बिजागऱ्या मागच्या बाजूला, मधल्या खांबावर, आणि उघडणारी कड पुढे. आजच्या गाडीत आरसा दाराच्या पुढच्या कोपऱ्यात असतो, तिथे बिजागरी असते, म्हणून तो फारसा हलत नाही. इथे तोच कोपरा उघडझाप करणारा. दार आपटलं की आरसा हलला, पुन्हा नीट करा. यावर मेकॅनिकचं म्हणणं, आरसे पुढे मडगार्डावर बसवा. जपानमध्ये 1983 पर्यंत गाड्यांना मडगार्डावरचेच आरसे लावायचा नियम होता. फायदा हा की मान वळवावी लागत नाही, डावा आरसाही समोरच्या काचेतूनच दिसतो. तोटा हा की आरसा लांब, चित्र लहान. आणि मडगार्डावर चिमटा बसत नाही, भोक पाडावंच लागतं. मालक इथे अडले. शेवटी ठरलं ते असं: दाराच्या काचेच्या चौकटीला आवळायचे आरसे, दांडी आखूड आणि जाड. चोरबाजारात त्यांनी लांब, नाजूक, चकचकीत दांडीचे आरसे पाहून ठेवले होते. दिसायला खरंच सुंदर होते, आम्ही हातात घेऊन पाहिले. पण लांब दांडी म्हणजे थरथर, आणि थरथर म्हणजे रे हॅरून. ते परत गेले.

तिसरा प्रश्न काचेचा. सपाट काचेत वस्तू आहे तेवढीच दिसते, अंतर कळतं, पण दिसतं थोडंच. बाहेर फुगलेल्या काचेत खूप जागा मावते, पण सगळं लहान दिसतं, त्यामुळे जवळचं लांब वाटतं. डब्याच्या चकचकीत झाकणात किंवा स्टीलच्या पळीच्या पाठीवर अख्खं स्वयंपाकघर दिसतं ना, तसंच. उजवीकडे सपाट आणि डावीकडे फुगीर, असं ठरलं. उजवीकडून येणाऱ्या गाडीचं अंतर कळायला हवं. डावीकडे कोणीतरी आहे एवढं कळलं तरी पाय ब्रेकवर जातो.

आता फॉगलाइट. मालकांना वर्षातून एकदा तरी घाटावर जायचं असतं. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात ढग रस्त्यावर उतरतात. आपल्याकडेही थंडीत पहाटे खाडीवर, मार्वे रोडच्या खारफुटीवर धुकं धरतं, पहिली बस पकडणाऱ्या कोळणींना माहीत आहे. धुक्यात मोठा दिवा लावला की काय होतं? चुलीच्या धुरात बॅटरी मारून बघा. समोर पांढरी भिंत उभी राहते. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, ते प्रकाश आपल्याच डोळ्यांत परत फेकतात. म्हणून फॉगलाइट खाली, बंपरच्या पातळीवर किंवा त्याखाली असतो. त्याचा उजेड रुंद आणि चपटा, वरच्या बाजूनं सुरीनं कापल्यासारखा. तो रस्त्याची कड आणि पट्टा दाखवतो, लांबचं दाखवत नाही. लांबचं दिसत नाही म्हणून गाडी हळू हाकायची, हे त्यातच आलं. आपले तांडेल धुक्यात हेच करतात: वेग कमी, भोंगा चालू. होडीचे दिवेही पुढचं दिसावं म्हणून नसतातच. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, ते आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. फॉगलाइटचं निम्मं काम तेच आहे, आणि आम्हाला विचाराल तर मोठं निम्मं.

रंग पिवळा की पांढरा? मालकांचा हट्ट पिवळ्याचा. फ्रान्समध्ये 1930 च्या दशकात गाड्यांचे पुढचे दिवे पिवळेच हवेत असा नियम झाला आणि तो 1993 पर्यंत टिकला. जुन्या गाड्यांच्या पिवळ्या दिव्यांचं वेड बरंचसं तिथून आलं. पिवळा उजेड धुकं भेदतो असं सगळे सांगतात. तसं काही नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगानं फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो डोळ्यांना, पिवळा उजेड कमी टोचतो. आणि त्या गाडीला तो शोभतो, हेही खरं. शोभेला आमचा विरोध नाही, ती कामाच्या आड येऊ नये एवढंच.

खरं भांडण विजेचं होतं. साध्या बल्बचे, 55 वॉटचे दोन दिवे म्हणजे 110 वॉट. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. काही परदेशी जुन्या गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी असते, तिथे हाच आकडा अठराच्या वर जातो. या गाड्यांत आजच्यासारखा अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे, आणि गाडी हळू चालली की डायनॅमो जेमतेम वीज देतो. धुक्यात तर गाडी हळूच चालणार! म्हणजे दिवे लागले, वायपर लागला, आणि घाटाच्या मध्यावर बॅटरी बसली. शिवाय जुन्या बटणातून एवढी वीज थेट नेली तर बटण तापतं, वितळतं. म्हणून रिले लावायचा: बटणानं फक्त इशारा द्यायचा, मोठी वीज जाड वायरीतून, फ्यूजमधून, वेगळ्या रस्त्यानं न्यायची. मिक्सर, फ्रिज आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावणाऱ्या बायांना हे लगेच कळेल. तोडगा असा निघाला की दिव्याची डबी आणि काच जुन्या घाटाची, आत कमी वॉटचा पिवळसर एलईडी. काही शौकीन याला बाट म्हणतात. आम्हाला विचारलं असतं तर आम्ही एलईडीच सांगितला असता. विचारलं नाही, पण झालं तेच. पट्ट्या बंपरच्या जुन्याच बोल्टांत अडकवल्या, एकही नवीन भोक नाही.

आरसे बसले त्या दिवशी गाडी आमच्या गल्लीत आली. मेकॅनिक म्हणाला, चालक बसून आरसा लावून घेतील, झालं. मावशी म्हणाली, थांबा. तिनं रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि गाडीच्या डावीकडून, पाटी लागली होती त्याच जागेवरून हळूहळू चालत गेली. मालक आत बसून "दिसते, दिसते, गेली!" असं ओरडत होते. जिथे 'गेली' तिथे आम्ही रस्त्यावर खडूनं रेघ मारली. आरसा जरा बाहेर वळवला, पुन्हा चालली. मग आम्ही सगळ्या आळीपाळीनं आत बसलो. आमच्यातल्या कित्येकींचा स्टिअरिंगमागे बसायचा तो पहिलाच दिवस. बुटकी बाई बसली की तीच रेघ दुसरीकडे जाते, हे तेव्हा कळलं. म्हणजे आरसा बसवून भागत नाही, जो चालवणार त्यानं तो स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला लावावा लागतो. एक पट्टा शेवटपर्यंत कुठल्याच आरशात आला नाही, मागच्या दाराच्या अगदी लगतचा. तिथे मान वळवूनच बघायचं.

दुसऱ्या दिवशी शूटिंग होतं. कॅमेऱ्यामागून कोणीतरी म्हणालं, त्या काळातल्या गाडीला डावा आरसा नव्हता, काढा. मालकांनी आमच्याकडे पाहिलं. चिमट्याचा आरसा, दोन मिनिटांत निघाला. मावशीनं तो पदरात गुंडाळून शॉट संपेपर्यंत धरून ठेवला. संध्याकाळी गाडी फाटकाशी आली तेव्हा ती वाटेतच उभी होती. मालकांनी इंजिन बंद केलं, उतरले, आरसा घेतला आणि पाना शोधू लागले.